आज्ञा शिरसावंद्य, पण...

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

वरिष्ठांचा हुकूम आला की 'आज्ञा शिरसावंद्य' असं म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हुकूम आम्ही डोक्यावर धारण केला, असा त्याचा अर्थ. सोळाव्या शतकात दक्षिण अमेरिकेतले स्पॅनिश अधिकारी हे अक्षरशः करत असत. राजाचं फर्मान आलं की अधिकारी उभा राही, टोपी काढी, कागदाचं चुंबन घेई आणि तो कागद आपल्या मस्तकावर ठेवी. आणि एवढं सगळं झाल्यावर, पुष्कळदा, तोच अधिकारी म्हणे, "मी ही आज्ञा मानतो, पण अमलात आणत नाही."

आपल्याला हे ऐकून हसू येतं. पण हा उद्धटपणा नव्हता, ती कायद्याने मान्य केलेली पद्धत होती. राजा हजारो मैल दूर आहे, इथली परिस्थिती त्याला ठाऊक नाही, चुकीच्या माहितीवरून हा हुकूम निघाला असावा. तेव्हा अंमलबजावणी थांबवून राजाकडे पुन्हा अर्ज करू, असा त्यामागचा विचार होता. त्या काळी लिमाहून निघालेलं पत्र जहाजाने पनामाला, तिथून खेचरांवरून पलीकडच्या किनाऱ्याला आणि मग अटलांटिक ओलांडून सेव्हिल बंदरात पोचत असे. उत्तर हाती पडेपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज उलटे. इतक्या लांबून राज्य करायचं तर थोडी मोकळीक द्यावीच लागणार, हे मीही मान्य करतो. मात्र या इतिहासाची पानं चाळताना एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. कुठले हुकूम अमलाविना थांबले, आणि कुठले अगदी बिनबोभाट अमलात आले? आज मी पेरूच्या विजयानंतरच्या पहिल्या पन्नासेक वर्षांचा कारभार या एका प्रश्नाच्या अंगाने आपल्यापुढे मांडणार आहे.

पेरू जिंकला कसा गेला, ते आधी थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या कारभाराची बीजं त्यातच आहेत. स्पेनच्या राजाने मोठी फौज पाठवली आणि मुलूख घेतला, अशी आपली साधारण समजूत असते. तसं झालेलं नाही. २६ जुलै १५२९ रोजी स्पेनची राणी आणि फ्रान्सिस्को पिझारो यांच्यात एक करार झाला. मोहिमेचा खर्च पिझारो आणि त्याच्या भागीदारांनी करायचा. मुलूख हाती आला तर पिझारो तहहयात गव्हर्नर. राजाच्या नावाने राज्य, आणि मिळकतीचा ठरावीक हिस्सा राजाचा. आपल्या भाषेत सांगायचं तर हा विजयाचा मक्ता होता. शिपायांना पगार नव्हता. प्रत्येकजण लुटीतल्या वाट्यावर आला होता.

१६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्का गावाच्या चौकात पिझारोच्या अवघ्या १६८ माणसांनी इंका सम्राट आताहुआल्पाला कैद केलं. आताहुआल्पा तेव्हा नुकताच आपल्या भावाशी झालेलं गादीचं युद्ध जिंकला होता, साम्राज्य दुभंगलेलं होतं, आणि इंकांवर राग असलेल्या अनेक जमाती स्पॅनिशांना मदत करायला तयार होत्या. सुटकेसाठी आताहुआल्पाने खंडणी कबूल केली आणि देशभरातून सोनंचांदी येऊ लागली. वितळवून मोजल्यावर सोनं भरलं सुमारे सहा टन, चांदी साधारण बारा टन. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्या धामधुमीतही राजाचा खजिना सांभाळणारे अधिकारी हजर होते आणि पाचवा हिस्सा नोंद करून बाजूला काढला गेला. खंडणी घेऊनही १५३३ मध्ये आताहुआल्पाला ठार केलं गेलं ते वेगळंच. म्हणजे राज्य स्थापन होण्याआधी राजाची वसुली सुरू झाली होती. हा पहिला हुकूम, जो विनातक्रार पाळला गेला.

लूट एकदाच वाटता येते. पुढे काय? या शिपायांना तिथे टिकवायचं तर कायमचं उत्पन्न हवं. त्यासाठी जी व्यवस्था आली तिचं नाव 'एनकोमिएंदा'. या शब्दाचा अर्थ 'हवाली करणं'. आपल्याला जहागीर ठाऊक आहे. जहागिरीत गावाचा महसूल मिळतो. एनकोमिएंदात जमीन दिली जात नसे, माणसं दिली जात. अमुक कुराका, म्हणजे तिथला वंशपरंपरेचा प्रमुख, आणि त्याच्या हाताखालची सगळी कुटुंबं अमुक स्पॅनिश माणसाच्या हवाली. त्या लोकांनी त्याला धान्य, कापड, लामा, अंडी, कोका, चांदी, जे काही ठरेल ते द्यायचं आणि त्याच्याकडे राबायचं. बदल्यात त्याने त्यांचं रक्षण करायचं आणि त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायची सोय करायची. सुरुवातीची कित्येक वर्षं किती घ्यायचं याला मर्यादाच नव्हती. अख्ख्या पेरूत असे हवालदार सुमारे पाचशे. ते राहत शहरांत, आणि शहराचा कारभार पाहणारी नगरसभाही त्यांच्याच हातात. १८ जानेवारी १५३५ रोजी पिझारोने लिमा वसवलं तेव्हा चौक आखला, घरांच्या जागा वाटल्या आणि नगरसभा नेमली. राज्य म्हणजे काय, तर ही पाचशे माणसं आणि त्यांची शहरं, अशी परिस्थिती होती.

आणि ही माणसं एकमेकांत लढू लागली. कुस्को शहर कुणाचं यावरून पिझारो आणि त्याचा भागीदार आल्माग्रो यांच्यात युद्ध पेटलं. १५३८ मध्ये आल्माग्रो मारला गेला, आणि १५४१ मध्ये त्याच्या बाजूच्या लोकांनी लिमात घरात घुसून पिझारोला ठार केलं. दरम्यान १५३६ मध्ये मांको इंकाने मोठा उठाव करून कुस्कोला वेढा घातला होता. तो फसल्यावर मांको डोंगरांआड विल्काबाम्बाच्या जंगलात गेला आणि तिथे इंकांचं एक छोटं राज्य १५७२ पर्यंत टिकून राहिलं.

स्पेनमध्ये बातम्या पोचत होत्या. बार्तोलोमे द लास कासास हा धर्मगुरू, स्वतः एके काळी एनकोमिएंदा बाळगलेला, दरबारात या व्यवस्थेविरुद्ध आवाज उठवत होता. राजा पाचवा चार्ल्स याच्या मनात दुहेरी विचार असणार. लोकांवरचा जुलूम थांबवणं हे ख्रिस्ती राजाचं कर्तव्य, हा एक. आणि समुद्रापलीकडे आपल्याला न जुमानणारे वंशपरंपरागत सरदार तयार होऊ नयेत, हा दुसरा. २० नोव्हेंबर १५४२ रोजी त्याने 'नवे कायदे' जारी केले. तिथल्या लोकांना यापुढे गुलाम करायचं नाही. नवी एनकोमिएंदा द्यायची नाही. असलेली एनकोमिएंदा धारकाच्या मृत्यूनंतर राजाकडे जमा. अधिकारी आणि धर्मसंस्था यांनी आपापल्या एनकोमिएंदा ताबडतोब सोडायच्या. आणि पेरूसाठी खास कलम असं की पिझारो-आल्माग्रो भांडणात ज्यांचा हात होता, त्यांच्याही काढून घ्यायच्या. आता पेरूत त्या भांडणात हात नसलेला माणूस शोधून सापडला नसता!

याच वेळी पेरूसाठी व्हाइसरॉय, म्हणजे राजप्रतिनिधी, हे पद निर्माण झालं. त्याच्या जोडीला लिमात 'औदिएन्सिया' हे वरिष्ठ न्यायालय. न्यायनिवाड्याबरोबर व्हाइसरॉयवर लक्ष ठेवणं हेही त्याचं काम. दोघांनीही राजाला स्वतंत्रपणे पत्रं लिहायची. एकाने दुसऱ्याची चुगली करावी, ही त्या व्यवस्थेतली सोयच होती. शिवाय प्रत्येक अधिकाऱ्याची मुदत संपली की त्याच्या कारभाराची जाहीर चौकशी होई आणि कुणालाही तक्रार मांडता येई. आजही एखादं सरकार हेवा करील अशी ही तरतूद. कागदावर.

पहिला व्हाइसरॉय ब्लास्को नून्येस वेला १५४४ मध्ये आला. याच सुमाराला मेक्सिकोतही हे कायदे पोचले होते. तिथल्या अधिकाऱ्यांनी लोकांचा संताप पाहिला, हुकूम मस्तकी ठेवला, आणि सगळ्यांत झोंबणारी कलमं थांबवून राजाकडे अर्ज पाठवू दिला. तिथे बंड झालं नाही. नून्येस वेला मात्र वेगळ्या मातीचा. राजाने सांगितलं ते मी करणार, अर्ज-विनंत्या नंतर. तत्त्वाला धरून चालणारा माणूस म्हणून त्याचं कौतुक करावं, तर तो तापट इतका की राजवाड्यात बोलावलेल्या एका वरिष्ठ खजिना-अधिकाऱ्याचा संशयावरून त्याने खून केला. अखेर औदिएन्सियाच्या न्यायाधीशांनीच त्याला अटक करून जहाजावर चढवलं. तिकडे पिझारोचा भाऊ गोन्सालो एनकोमिएंदा-धारकांचं सैन्य घेऊन लिमात आला आणि गव्हर्नर झाला. नून्येस वेला सुटला, उत्तरेला फौज जमवून परतला, आणि १८ जानेवारी १५४६ रोजी क्वितोजवळच्या लढाईत पडला. रणांगणावर त्याचं मुंडकं कापण्यात आलं. राजाचा हुकूम तंतोतंत पाळू पाहणाऱ्या पहिल्या व्हाइसरॉयची ही गत.

यानंतर राजाने काय पाठवलं? सैन्य नव्हे. पेद्रो द ला गास्का नावाचा, कायदा शिकलेला एक धर्मगुरू पाठवला. त्याच्याजवळ तलवार नव्हती. राजाच्या सहीचे कोरे कागद होते. त्यावर तो माफी लिहू शकत होता, नेमणूक लिहू शकत होता, बक्षीस लिहू शकत होता. शिवाय एनकोमिएंदा वारसाला देऊ नये हे मुख्य कलम राजाने १५४५ मध्येच मागे घेतलं होतं. गास्काने पनामात उतरून गोन्सालोचं आरमारच फितवलं. मग एकेक सरदार. ९ एप्रिल १५४८ रोजी कुस्कोजवळ दोन्ही सैन्यं समोरासमोर आली, तेव्हा गोन्सालोची माणसं लढाई सुरू होण्याआधीच घोळक्याने पलीकडे जाऊ लागली. लढाई अशी झालीच नाही. गोन्सालोचा शिरच्छेद झाला.

इथे जरा थांबू या. या लढ्यात जिंकलं कोण? राजा जिंकला, यात शंका नाही. पेरूत स्वतंत्र राज्य करण्याचं कुणाचं स्वप्न पुढे उरलं नाही. धारकही हरले म्हणता येत नाही. गास्काने विजयानंतर एनकोमिएंदा नव्याने वाटल्या, आणि ऐन वेळी बाजू बदललेल्या बंडखोरांनाही त्यांतल्या उत्तम उत्तम मिळाल्या. हरली ती मंडळी, ज्यांच्यासाठी म्हणून कायदा झाला होता. त्यांच्या रक्षणाचं मुख्य कलम हाच तडजोडीचा मोबदला ठरला.

काही सुधारणा झाल्या, त्याही सांगितल्या पाहिजेत. गास्काने किती कर घ्यायचा याची पहिली आकारणी केली. १५४९ मध्ये राजाने एनकोमिएंदा-धारकांसाठी वेठ बंद केली. हा हुकूम अमलात आणायचा प्रयत्न झाला तेव्हा पुन्हा बंड उसळलं. १५५३-५४ मध्ये फ्रान्सिस्को एर्नांदेस हिरोनच्या त्या बंडाने वर्षभर देश हादरवला.

आणि मग एक विलक्षण प्रसंग घडला. स्पेनचा खजिना युद्धांमुळे रिकामा. नवा राजा दुसरा फिलिप याच्याकडे पेरूच्या धारकांनी प्रस्ताव पाठवला की आम्ही भरघोस रक्कम देतो, एनकोमिएंदा आम्हाला कायमच्या, वंशपरंपरेने द्या. राजा मोहात पडला. ही बातमी पेरूतल्या कुराकांना कळली. त्यांनी काय करावं? त्यांनीही प्रस्ताव पाठवला. लास कासास आणि दोमिंगो द सांतो तोमास या दोन धर्मगुरूंमार्फत १५६० मध्ये त्यांनी राजाला कळवलं की धारक जी काही बोली लावतील, तिच्यावर आम्ही एक लाख डुकाट जास्त देतो, पण आम्हाला कुणाच्याही हवाली करू नका. आम्ही थेट तुमची प्रजा राहू. आपलं स्वातंत्र्य लिलावात विकत घेण्यासाठी जित लोकांनी लावलेली ही बोली आहे. फिलिपने कुणालाच होकार दिला नाही. दोन्ही बोल्या लोंबकळत ठेवणं त्याच्या सोयीचं होतं.

यावरून आपल्या ध्यानात येईल की हे लोक काही मुकाट्याने मार खाणारे नव्हते. जेमतेम तीस वर्षांत त्यांनी विजेत्याचा कागद ओळखला होता. हाउहा खोऱ्यातल्या वांका लोकांचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. इंकांच्या जाचाला कंटाळून हे लोक सुरुवातीपासून पिझारोच्या बाजूने उभे राहिले होते. १५६१ मध्ये ते लिमाच्या औदिएन्सियापुढे हिशोब घेऊन आले. इंकांच्या राज्यात लिपी नव्हती. हिशोब दोऱ्यांना गाठी मारून ठेवत. त्याला 'खिपू' म्हणतात. वांकांचे हिशोबनीस गाठी वाचत गेले, दुभाषा सांगत गेला आणि कारकून लिहीत गेला. १५३३ पासून स्पॅनिशांना किती मका दिला, किती लामा दिले, किती कापड, किती हमाल, आणि त्यांतले किती परत आले नाहीत. इतकंच काय, जे दिलं नव्हतं, लुटून नेलं होतं, त्याच्याही गाठी वेगळ्या मारून ठेवल्या होत्या! न्यायालयाने तो हिशोब पुरावा म्हणून दाखल करून घेतला. त्यांच्यातला एक प्रमुख, फेलिपे ग्वाक्रापाउकार, स्वतः स्पेनला जाऊन राजापुढे उभा राहिला. मानचिन्हं आणि सवलती मिळाल्या. सगळ्या मालाचे पैसे मात्र कुणी चुकते केले नाहीत.

आता या कथेतल्या सर्वांत कर्तबगार माणसाकडे येतो. फ्रान्सिस्को द तोलेदो १५६९ ते १५८१ पेरूचा व्हाइसरॉय होता. तो लिमात बसून राहिला नाही. जवळजवळ पाच वर्षं त्याने खेचराच्या पाठीवर देश पालथा घातला. माणसं मोजली, कर ठरवले, कायदे लिहिले. डोंगरकपारींत विखुरलेल्या वस्त्या मोडून दहा लाखांहून अधिक लोकांना चौकोनी आखणीच्या नव्या गावांत आणून बसवलं. गावात चौक, चर्च, तुरुंग, आणि त्यांच्यातूनच निवडलेले गावकारभारी. जिल्ह्यावर 'कोर्रेहिदोर' हा राजाचा अधिकारी १५६५ पासूनच आला होता. तोलेदोने त्याचा अंमल पक्का केला. विल्काबाम्बाचं इंका राज्य संपवून शेवटचा इंका तुपाक आमारू याचा १५७२ मध्ये कुस्कोच्या चौकात शिरच्छेद केला. इंका हेच मुळात जुलमी होते, तेव्हा स्पेनचं राज्य न्याय्यच आहे, हे सिद्ध करण्यासाठी त्याने एक इतिहासही लिहवून घेतला.

आणि तोलेदोनेच पोतोसीची 'मिता' घालून दिली. आजच्या बोलिव्हियात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर उंचीवर पोतोसीचा डोंगर आहे. १५४५ मध्ये तिथे चांदी सापडली. वरची चांगली खनिजं संपत आल्यावर उत्पादन घटलं. तेव्हा वांकाव्हेलिका इथल्या खाणीतला पारा वापरून हलक्या दर्जाच्या खनिजातूनही चांदी काढायचं तंत्र १५७२ च्या सुमाराला पोतोसीत आलं. तंत्र आलं, पारा आला. हवी होती माणसं. ती स्वखुशीने पुरेशी येईनात. सक्तीने खाणीत माणसं घालू नयेत, असं राजाचं धोरण. मग तोलेदोने १५७० मध्ये लिमात न्यायाधीश आणि धर्मगुरूंची सभा बोलावली. सभेने निर्वाळा दिला की खाणी चालणं हे सार्वजनिक हिताचं आहे, तेव्हा मजुरी देऊन सक्ती करायला हरकत नाही. हुकुमाला वळसा घालायची वाट सापडली.

'मिता' हा शब्द इंकांचाच. अर्थ 'पाळी'. इंकांच्या राज्यात नाणं नव्हतं. प्रत्येक कुटुंब आळीपाळीने राज्याचं काम करी. रस्ते, पूल, शेती, कोठारं. त्याही व्यवस्थेत सक्ती होतीच. पण काम करणाऱ्याला राज्य खाऊपिऊ घाली, कापड देई, आणि दुष्काळात तीच कोठारं उघडली जात. तोलेदोने नाव तेच ठेवलं आणि वापर बदलला. १६ प्रांतांतल्या १८ ते ५० वयाच्या पुरुषांपैकी दरवर्षी सातवा हिस्सा पोतोसीला जायचा. वर्षाला सुमारे साडेतेरा हजार माणसं. त्यांचे तीन भाग पाडून एकावेळी साधारण साडेचार हजार कामावर. एक आठवडा काम, दोन आठवडे सुट्टी. नियमात मजुरीही लिहिलेली, खाणीत दिवसाला साडेतीन रेआल. कामाचे तास, विश्रांती, सगळं लिहिलेलं.

लांबच्या गावांहून पोतोसीला चालत जायला दोन-दोन महिने लागत. माणूस एकटा जात नसे. बायको-मुलं, वाटेचं अन्न लादलेले लामा, असा सगळा संसार निघे. खाणीत अंगठ्याला मेणबत्ती बांधून, पाठीवर खनिजाचं ओझं घेऊन शिड्यांवरून वर चढायचं. पोतोसीच्या महागाईत मिळालेली मजुरी पुरत नसे, म्हणून सुट्टीच्या आठवड्यांतही तो कुठेतरी मजुरीलाच जाई. पुष्कळजण परत गावी गेलेच नाहीत.

यातलं सर्वांत निर्दय कलम मला खाणीतलं वाटत नाही, ते हिशोबातलं वाटतं. गावाने किती माणसं द्यायची हा आकडा तोलेदोच्या मोजणीवरून ठरला. पुढे देवी आणि गोवराच्या साथींनी माणसं मेली, मिता चुकवण्यासाठी हजारो लोक गाव सोडून मिता नसलेल्या प्रांतांत पळाले. गावं रिकामी झाली. पण आकडा सहजासहजी खाली येत नसे. मग उरलेल्यांची पाळी सात वर्षांऐवजी दोन-तीन वर्षांनी येऊ लागली. माणूस कमी पडला तर कुराकाने तेवढे पैसे भरायचे. काही खाणमालकांना पैसेच अधिक सोयीचे वाटू लागले; अशा न आलेल्या मजुरांना 'खिशातले इंडियन' असं नावच पडलं होतं. माणूस गावात नव्हता, खाणीतही नव्हता, पण त्याची वेठ चालू होती! ही मिता कायद्याने रद्द झाली ती १८१२ मध्ये. म्हणजे सुमारे दोनशे चाळीस वर्षांनी.

या चांदीची वाट आपल्या किनाऱ्यापर्यंतही आली होती, हे सांगायला हवं. १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता. तेव्हा गोव्यावरही फिलिप राजांचंच राज्य होतं. लिस्बनहून मिरी विकत घ्यायला येणारी जहाजं स्पॅनिश रेआल घेऊन गोव्यात उतरत, आणि ती चांदी आपल्याकडच्या टांकसाळींत वितळून नवी नाणी पडत. आपल्या पूर्वजांच्या हातातून गेलेल्या एखाद्या रुपयात पोतोसीची चांदी असणं अगदी शक्य आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. कुठले हुकूम थांबले? वारसाला एनकोमिएंदा देऊ नये, हा थांबला. सक्तीने खाणीत घालू नये, याला वळसा पडला. माणसं घटली तर आकडा घटवावा, हे दुर्लक्षिलं गेलं. आणि पाळले गेले ते कुठले? राजाचा पाचवा हिस्सा. कराची वसुली. मितेचा आकडा. 'परिस्थिती ठाऊक नसल्याने आज्ञा अमलात आणता येत नाही' ही सवड कायद्याने सर्वांना होती, पण वापरता आली ती ज्यांच्या हातात शिक्का होता त्यांनाच. पोतोसीला निघालेल्या माणसाला हुकूम मस्तकी लावून 'पण' म्हणायची सोय नव्हती.

तरी या साऱ्या कागदांच्या ढिगात एक कागद असा आहे जो खालून वर गेला. फेलिपे ग्वामान पोमा हा पेरूचाच मूळ रहिवासी. आयुष्यभर त्याने दुभाष्याचं काम केलं, जमिनीसाठी कोर्टकचेऱ्या केल्या. १६१५ च्या सुमाराला, म्हातारपणी, त्याने राजाला उद्देशून सुमारे बाराशे पानांचा ग्रंथ लिहून पुरा केला. त्यात जवळजवळ चारशे चित्रं आहेत. ग्रंथाच्या नावातच 'सुशासन' हा शब्द आहे. त्याने राजाचं राज्य नाकारलेलं नाही. तुझेच कायदे पाळले जावेत म्हणून काय करायला हवं, ते तो राजाला प्रकरणामागून प्रकरणं लिहून सांगतो. एका चित्रात एक गरीब माणूस गुडघे टेकून हात जोडतो आहे आणि सहा प्राण्यांनी त्याला घेरलं आहे. साप म्हणजे कोर्रेहिदोर, सिंह म्हणजे एनकोमिएंदा-धारक, कोल्हा म्हणजे धर्मगुरू, मांजर म्हणजे कारकून, वाघ म्हणजे सरायांमधले वाटसरू स्पॅनिश, आणि उंदीर म्हणजे त्यांच्यातलाच कुराका. तोलेदोच्या कायद्यांच्या जाड पोथ्या एका बाजूला ठेवा आणि हे एक चित्र दुसऱ्या बाजूला. गावातल्या माणसाला राज्य कसं दिसत होतं, ते चित्रच सांगतं. आपल्याच प्रमुखाला त्याने त्यातून वगळलेलं नाही, हे विशेष.

हा ग्रंथ १९०८ मध्ये कोपनहेगनच्या राजग्रंथालयात एका जर्मन अभ्यासकाला सापडला आणि १९३६ मध्ये पॅरिसला छापून निघाला. लिहिल्यानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी तो वाचकांपर्यंत पोचला. आज पेरूच्या इतिहासाचा कुणीही अभ्यासक त्याच्यावाचून पुढे जाऊ शकत नाही.

स्पेनचे कायदे वाईट होते, असं मी म्हणणार नाही. त्यांतले काही त्या काळात जगात कुठेही नव्हते इतके उदार होते, आणि ते लिहिणाऱ्यांत प्रामाणिक माणसं होती. पण एखादं राज्य कसं होतं हे ठरवताना त्याच्या कायद्यांचं पुस्तक उघडून भागत नाही. त्यांतला कुठला कायदा 'पण' या शब्दापाशी अडला आणि कुठला न अडता शेवटच्या झोपडीपर्यंत पोचला, हेही पाहावं लागतं. वांका हिशोबनिसांनी तेच केलं. दिलेल्याच्या गाठी वेगळ्या, लुटलेल्याच्या वेगळ्या.